उद्याच्या नकाशातलं गुऱ्हाळ

नगरपालिकेच्या भिंतीवर काचेमागे दोन नकाशे लावलेत. एक आजच्या गावाचा, एक उद्याच्या. घरात पदवी घेतलेली मी पहिली, म्हणून अण्णा मला नकाशा वाचायला घेऊन गेले. गुऱ्हाळवाला कुणाकडं रिकाम्या हातानं जात नाही. त्यांनी शिपायासाठी सकाळचा गूळ नेला होता, अजून मऊ होता.

उसाचा रस काढायचा, काहिलीत आटवायचा, ढेपा पाडायच्या, हे सगळं आम्ही जिथं करतो, तिथं उद्याच्या नकाशात पिवळी रेघ आहे.

"ह्यो तर रस्ता," अण्णा म्हणाले.

"होय अण्णा."

"मग जरा वळवायला सांग की. तू इंग्रजीत बोललीस तर ऐकतील."

मला नकाशा वाचता येतो, याचा मला अभिमान आहे. पण वाचता येणं म्हणजे रेघ हलवता येणं नव्हे, हे त्यांना कसं सांगू?

अण्णांनी त्या रेघेवर बोट टेकवलं. काचेवर गुळाचा चिकट ठसा उमटला. उद्याच्या गावात आमचं गुऱ्हाळ तेवढंच.

शिपाई गूळ चघळत उठला. "काच खराब करताय व्हय अण्णा," म्हणाला आणि फडक्यानं ठसा पुसून टाकला.