तिसऱ्या खांबाजवळची जागा

जुन्या नाशकात, गंगेकडे, म्हणजे गोदावरीकडे, उतरत जाणाऱ्या एका गल्लीत मी काही वर्षांपासून अभ्यासिका सांभाळते. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलं-मुली सकाळी सातपासून येऊन बसतात. पण कुणा वयस्कर माणसाला पत्ता सांगताना मी ‘अभ्यासिका’ म्हटलं, तर त्याच्या चेहऱ्यावर काही उमटत नाही. ‘टायपिंगचा वाडा’ म्हटलं की माझ्या वयाची माणसं मान हलवतात. त्याहून म्हाताऱ्यांना ‘बाईंचा दवाखाना’ सांगावं लागतं. गल्लीच्या तोंडाशी एक आजोबा बसायचे, ते शेवटपर्यंत या वाड्याला ‘कचेरी’च म्हणत. कचेरी त्यांनी स्वतः पाहिली नव्हती, त्यांच्या वडिलांनी पाहिली होती.

वाडा मुळात पेशवाईतल्या एका कापडाच्या व्यापाऱ्यानं बांधला म्हणतात. मग इंग्रजांच्या काळात तिथं मामलेदार बसू लागला. नंतर दुसऱ्या एका घराण्यानं तो विकत घेतला आणि पुढं वरचा मजला एका डॉक्टरबाईंना भाड्यानं दिला. वर लांबलचक दिवाणखाना आहे. सागवानी खांबांच्या दोन रांगा आणि गल्लीवर उघडणाऱ्या पाच खिडक्या. दुपारी तीनच्या सुमारास उन्हाचे पट्टे फरशीवर हळूहळू सरकत येतात. पंखे फिरत असतात, मधूनच कुणीतरी पान उलटतं. अशा वेळी मला वाटत राहतं, की आत्ताच कुणीतरी इथून उठून गेलंय, कापडाचा तागा गुंडाळून किंवा दौत-टाक उचलून, आणि त्याच्या बसण्याची ऊब अजून जमिनीत आहे.

मी याच दिवाणखान्यात जन्मले. हे मला अठराव्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं.

बारावी झाल्यावर वडिलांनी मला टायपिंगला घातलं. आम्ही बौद्ध, द्वारका चौकापलीकडच्या वसाहतीत राहायचो. वडील सरकारी कार्यालयात शिपाई होते आणि मुलीनं त्याच कार्यालयात खुर्चीवर बसावं एवढी एकच त्यांची इच्छा होती. क्लास या वाड्यात भरायचा. बारा यंत्रं होती आणि एक सर होते. ते खांबांमधून येरझाऱ्या घालत म्हणायचे, “बोटांकडे बघू नका. बोटांना रस्ता माहीत आहे.” बारा यंत्रं एकदम चालली की पत्र्यावर गारा पडल्यासारखा आवाज व्हायचा आणि त्या आवाजात मला झोप आल्यासारखं, पण सुखाचं, काहीतरी व्हायचं.

परीक्षेच्या सकाळी क्लासला शेवटच्या सरावाला येताना मी हॉलतिकीट घरीच विसरले. आई ते घेऊन धावत आली. तोवर ती कधी क्लासला आली नव्हती. जिना चढून ती दारात उभी राहिली, हातात कागद तसाच.

“कोण हवंय, बाई?” सरांनी विचारलं.

आई सरळ टेबलांमधून चालत गेली, खिडकीकडून तिसऱ्या खांबाला तिनं हात लावला आणि माझ्याकडे वळून म्हणाली, “अगं, इथं माझी खाट होती. तू इथं झालीस.”

एकेक करत सगळी यंत्रं थांबली. सरांनी चष्मा काढला, आपली खुर्ची उचलून आणली आणि तिच्यामागे ठेवली. “बसा,” ते म्हणाले. “परीक्षेला वेळ आहे अजून. सांगा.”

आई अनोळखी माणसांपुढे फारसं बोलायची नाही. त्या दिवशी बोलली. तिचे वडील या वाड्यात लाकडं फोडायला येत. यायचे ते मागच्या बोळानं, परसात लाकडं फोडायचे आणि बोळानंच परत जायचे. वरचा मजला त्यांनी कधी पाहिला नाही. पुढं तिला माझ्या वेळी कळा सुरू झाल्या तेव्हा शेजारणीनं तिला टांग्यातून आणलं. टांगा थांबल्यावर आई, लहानपणी वडिलांबरोबर यायची त्या सवयीनंच, बोळाकडे वळली. तेवढ्यात डॉक्टरबाई स्वतः खाली आल्या.

“मागं कुठं निघालीस? जिना पुढं आहे,” त्या म्हणाल्या. चढवेना तेव्हा त्यांनी तिला खुर्चीत बसवलं, आणि कंपाउंडर नि टांगेवाल्यानं ती खुर्ची उचलून वर नेली.

“जीव चालला होता माझा,” आई सरांना सांगत होती, “तरी मी वर बघत होते. म्हटलं, माझ्या बापानं ज्या घराची लाकडं फोडली, त्याचं छत असं आहे होय!”

आम्ही सगळ्यांनी वर पाहिलं. वर्षभर रोज तिथं येऊनही मी त्या छताकडे पाहिलं नव्हतं. लाकडात कमळं कोरलेली होती, काही धुरानं काळी पडलेली.

क्लास त्याच वाड्यात आहे हे आम्हाला सांगितलं का नाही, असं संध्याकाळी वडिलांना विचारलं तर ते म्हणाले, “मला वाटलं, तुम्हाला माहीतच असेल.”

मी पास झाले. त्यांच्याच कार्यालयात नाही, पण दुसऱ्या एका कार्यालयात खुर्ची मिळाली. मग संगणक आले, क्लास बंद पडला. वाड्यात काही वर्षं मंडपवाल्याचं सामान भरलेलं होतं, खांबांना टेकून रंगीत कनाती आणि लग्नातल्या राजा-राणीच्या खुर्च्या. त्यानंतर मालकांच्या नव्या पिढीनं डागडुजी करून अभ्यासिका काढली. मी तेव्हा नुकतीच निवृत्त झाले होते. जागा सांभाळायला माणूस हवंय असं कळलं, त्याच दिवशी मी जाऊन विचारलं.

मध्यंतरी वास्तुकलेची एक विद्यार्थिनी मोजमापं घ्यायला आली होती. तिनं एका कोपऱ्यात भिंतीचा तळहाताएवढा तुकडा चाकूनं खरवडला. पांढऱ्याखाली आमच्या क्लासचा निळा निघाला, त्याखाली दवाखान्याचा फिका हिरवा, मग कचेरीची पिवळी माती. सगळ्यात आत गुळगुळीत चुना आणि त्यावर लाल रंगातलं वेलीचं एक पान. ती निघून गेल्यावरही मी कितीतरी वेळ त्या पानाकडे बघत बसले.

गेल्या दोन-तीन वर्षांत आईची स्मरणशक्ती सैल होत गेली. ऐंशी कधीच ओलांडली होती तिनं. एके दिवशी जेवताना म्हणाली, “मला बाईंकडे ने. दिवस भरलेत.” मी समजावलं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी रिक्षा बोलावली.

दोन मुलींनी हात धरून तिला जिना चढवला. वर खिडक्यांच्या बाजूला रांगेनं मुली बसलेल्या, माना खाली घातलेल्या, कुणी बोलत नव्हतं. आईनं सगळीकडे नजर फिरवली आणि तिच्या चेहऱ्यावर एकदम ओळख पटल्याचं समाधान आलं. मला कळलं, तिला काय दिसतंय ते.

तिसऱ्या खांबाजवळ कळवणकडची एक मुलगी बसायची. दोनदा अपयश आलेलं, दोन दिवसांवर पुन्हा परीक्षा. पुस्तक उघडं ठेवून ती आवाज न करता रडत होती. आई माझा हात सोडून तिच्याजवळ गेली आणि तिच्या पाठीवरून खालीवर हात फिरवू लागली.

“किती वेळ झाला गं कळा सुरू होऊन?”

मुलीनं चमकून माझ्याकडे पाहिलं. मी नुसती मान हलवली. तिनं डोळे पुसले.

“दोन वरीस झाले, आजी.”

“पहिल्या खेपेला वेळ लागतोच,” आई म्हणाली. “दम धर. मधेच श्वास सोडू नको. बाई चांगल्या आहेत इथल्या.”

कुणी हसलं नाही. मुलीनं आईच्या कमरेला मिठी मारली आणि डोकं तिच्या पोटाशी टेकवलं. आई उभीच्या उभी तिला थोपटत राहिली. ऊन सरकत दोघींच्या पायांशी आलं. बाकीच्या मुली पुन्हा वाचू लागल्या होत्या, पण पानं मात्र फार हलकेच उलटत होत्या.

त्या परीक्षेत ती थोडक्यात राहिली. पुढच्या वेळी निवड झाली, आता सुरगाण्याकडे तलाठी आहे. सणावाराला फोन करते आणि आईची चौकशी करते.

आईला वाड्यात नेलं त्या दिवशी परतताना द्वारका चौकात आमची रिक्षा अडकली. पिंपळगावकडून द्राक्षांचे टेम्पो येत होते, कुणी कुणाला वाट देत नव्हतं. आई माझ्या खांद्याला टेकली होती. मला वाटलं, झोपली. तेवढ्यात तिनं मान वर करून माझ्याकडे नीट पाहिलं.

“तुझं नाव काय गं?”

मी नाव सांगितलं.

“छान आहे,” ती म्हणाली. “कुणी ठेवलं?”

“तूच.”

तिला ते पटलं असावं. तिनं माझा हात मांडीवर ओढून घेतला आणि बाहेरची गर्दी बघत बसली.