किलिमांजारोला निघालेली तूरडाळ

हातातला कप आधी खाली ठेवा बाई. मागे हे ऐकताना एकीला असा ठसका लागला, की माझी फजिती राहिली बाजूला आणि तिचीच पाठ चोळत बसावं लागलं. घोळ सगळेच घालतात हो. पण सिंगापुरातल्या पुंगोलच्या स्वयंपाकघरात बसून आफ्रिकेतल्या डोंगराशी घोळ घालणारी मीच असेन!

झालं असं, की माझ्या सुनेनं, केतकीनं, किलिमांजारो चढायचं मनावर घेतलं. आफ्रिकेतला सगळ्यात उंच डोंगर, माथ्यावर बर्फ. बरोबर गाईड असतो, जड सामान उचलायला माणसं असतात. रोज एका तळावरून पुढच्या तळावर चालायचं आणि शेवटी शिखर गाठायचं. आमची ही पोर दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसणारी. पण म्हणाली, "आई, चाळिशीच्या आत एकदा तरी फक्त स्वतःसाठी काहीतरी करायचंय मला."

असं म्हटल्यावर सासूनं काय बोलावं? मी म्हटलं, "जा गं खुशाल. घराचं मी बघते."

तिथंच चुकलं. मी बघायला नको होतं.

आता सिंगापुरात डोंगर कुठून आणायचा? ताटासारखा सपाट देश! मग इथली माणसं पाठीवर वजन घेऊन बिल्डिंगचे जिने चढतात. केतकीनं काय केलं, लिटल इंडियातून आणलेला तांदूळ आणि तूरडाळ सॅकमध्ये भरली. दहा किलो. मला बजावून सांगितलं, "आई, याला हात लावू नका हं. हे माझं सरावाचं वजन."

लोक संध्याकाळी कुत्री फिरवतात, आमच्याकडे तूरडाळ फिरायला जायची! घामाघूम होऊन परत यायची केतकी, आणि डाळ मात्र गार, ऐटीत.

एक दिवस माझ्या मुलानं, निखिलनं, न सांगता ऑफिसातले चौघे जेवायला आणले. डब्यात पाहते तर डाळीचा खडखडाट. आता पाहुण्यांना काय नुसत्या भातावर तूप वाढू? सॅक तिथंच दाराशी बसली होती, गलेलठ्ठ. मी हळूच एक पुडा काढला. रिकामी जागा दिसू नये म्हणून नातीचं, रियाचं, जुनं दुपटं कोंबलं. उद्या आणून ठेवू, कुणाला कळतंय!

दुसऱ्या दिवशी केतकी जिने चढून आली ती नाचतच. "आई! आज सॅक किती हलकी लागली! सराव अंगी लागतोय माझ्या!"

तुम्हीच सांगा, त्या फुललेल्या तोंडाकडे बघून कुणाची जीभ उचलेल? मी म्हटलं, "लागणारच. माझ्या हातचं खातेस."

मग काय, हात सैल सुटला. डाळ झाली, तांदूळ झाले. थोडी गरज, थोडी दया! पोर किती वाकते ओझ्यानं, म्हणून मी काढत गेले. पुडा बाहेर, टॉवेल आत. शेवटी तर एक अख्खी उशी बसवली. आणि केतकी? ती चढतच सुटली! आधी एकदा वर जायची, मग दोनदा, मग धापसुद्धा न टाकता तीनदा. तिच्या ट्रेकच्या गटात वाहवा. गटाचा पुढारी सगळ्यांना सांगायचा, "केतकीकडे बघा!" निखिल म्हणायचा, "आई, तुझी सून वाघीण आहे." मी मान हलवायची. वाघीण उशी घेऊन चढतेय हे कसं सांगू?

आणि एक दिवस ती म्हणाली, "आई, रविवारी बुकित तिमाच्या टेकडीवर शेवटचा सराव. दहा किलो घेऊन जो वर पोचणार नाही, त्यानं आफ्रिकेचा विचार सोडायचा, असं आमच्या पुढाऱ्यानं सांगितलंय."

तिथं चारचौघांत सॅक उघडली आणि उशी निघाली तर? पोरीची शोभा होईल! रविवारी ती आंघोळीला गेली तशी मी सॅक रिकामी केली आणि भरायला बसले. तांदूळ घातले, डाळ घातली. हातात तोलून पाहिलं. कमीच वाटलं. माझा हात म्हणजे तराजू आहे म्हणून मी जन्मभर मिरवलेलं! मग आटा घातला. गुळाची ढेप घातली. तरी मेली शंका जाईना, म्हणून तळाशी वरवंटा सरकवला.

दुपारी केतकी आली. बूट एकीकडे, सॅक दुसरीकडे, आणि ही सोफ्यावर हमसाहमशी रडतेय.

"अर्ध्यातच बसले मी. पाय उचलेनात. सगळे पुढे गेले. मला नाही जमायचं, निखिल. रद्द कर तिकीट."

निखिल घाबरला. "अगं, परवापर्यंत पळत चढत होतीस! ताप आहे का? डॉक्टरकडे जाऊ या."

"काही नको. रद्द कर म्हणतेय ना!"

त्यानं खरंच फोन हातात घेतला हो! आता गप्प बसले, तर डोंगर हातचा जाणार. मी पुढे झाले.

"थांब रे. दोष तिच्या पायांचा नाही. माझ्या वरणाचा आहे."

मी सगळं ओकून टाकलं. डाळ, दुपटं, उशी, सगळं. केतकीचं रडणं जागच्या जागी थांबलं.

"म्हणजे इतके दिवस मी उशी घेऊन जिने चढत होते?"

"मऊ होती गं," मी म्हटलं.

"आणि आज काय होतं मग?"

रियानं वजनकाटा आणला. सॅक वर ठेवली आणि ती किंचाळली, "आजी! एटीन किलो, लाह!" इथल्या पोरांच्या प्रत्येक वाक्याला हे 'लाह' चिकटलेलंच.

अठरा! निखिल एकेक वस्तू काढत गेला. गुळाची ढेप आली तेव्हा गालात हसत होता. वरवंटा आला आणि तो जमिनीवरच लोळला. केतकी मात्र हसेना. तिनं वरवंटा मांडीवर घेऊन दोन्ही हातांनी तोलून पाहिला. मग हळूच म्हणाली, "म्हणजे अठरा किलो घेऊन मी अर्धी टेकडी चढले?"

"चढलीस की!"

"मग दहा घेऊन का नाही चढणार?"

त्या दिवसापासून सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या, आणि सॅकला कुलूप. पुढाऱ्यानं आणखी एक संधी दिली आणि आठवड्यानं ती पुन्हा टेकडीवर गेली. काट्यावर मोजून दहा किलो घेऊन, आणि पार माथ्यापर्यंत.

आफ्रिकेलाही गेली. तिथला गाईड पावलोपावली म्हणायचा, "पोले पोले." म्हणजे सावकाश, सावकाश. शहाणा माणूस! शेवटच्या चढाला हवा इतकी विरळ, की दोन पावलं टाकायची आणि उभं राहायचं. आणि एका सकाळी फोनवर फोटो आला. मागे बर्फ, नाक लाल, दात सगळे बाहेर. खाली तिचा आवाज, "आई, पोचले! पाय थांबायला लागले ना, की तुमचा वरवंटा आठवायचा. म्हटलं, त्यापुढे हे काहीच नाही." मी देवापुढे साखर ठेवली आणि फोटो शेजारपाजारच्यांना दाखवत सुटले.

परत आल्यावर केतकी सगळ्यांना सांगायला लागली, "माझ्या कोच म्हणजे आमच्या आई." झालं! पुढच्याच रविवारी आमच्या बिल्डिंगमधल्या पाच-सहा मराठी सुना सॅका घेऊन खाली हजर. "आजी, आमचाही सराव घ्या ना!"

मी काय फुगले म्हणता! पदर खोचला. एकेकीची सॅक हातात तोलून पाहिली, "तुझी हलकी आहे गं," म्हणून दोघींना दटावलंसुद्धा. मग हात उंच करून म्हटलं, "चला माझ्या मागे!" आणि सगळी फौज घेऊन ऐटीत गेले. समोरचं दार धाडकन उघडलं.

आत झाडू, बादल्या आणि फरशी पुसायचे दांडे.

"आजी," रिया मागून म्हणाली, "जिना त्या बाजूला, लाह."

मला काय ठाऊक? इथं राहायला आल्यापासून मी लिफ्टशिवाय वर गेलेच नाही. आणि राहतो कुठे आम्ही? दुसऱ्या मजल्यावर!