झाडांची पंगत

रामदासपेठेतल्या आमच्या चौथ्या मजल्यावर नळाचं पाणी सहसा जात नाही, आणि गेलंच तर वॉचमनवर ओरडायचं, इतकंच माझं पाण्याबद्दलचं ज्ञान. नरखेड तालुक्यात बाबांनी लावलेली संत्र्याची बाग माझी थोरली बहीण सांभाळते. सातबाऱ्यावर नावं दोघांची, राबणं तिच्या एकटीचं.

ठिबकच्या अनुदानासाठी तिने अर्ज केला होता. दोन वर्षांनी सोडतीत नाव निघालं. जमीन सामायिक असली की दुसऱ्या वारसाचं संमतीपत्र लागतं, म्हणजे माझी सही. "येत्या रविवारी येतो," मी म्हटलं. असे रविवार दिवाळीपर्यंत गेले. वर फोनवर तिलाच ऐकवलं, "तुमचं बरं आहे ताई. तुम्हाले सरकार देते, आम्हाले कोण देते?"

शेवटी कागद घेऊन तीच एसटीने नागपूरला आली. मी तिला हौसेने मेट्रोत बसवलं. तिकीट पाहून ती म्हणाली, "एवढ्याशा पैशात एवढी मोठी गाडी? कसं परवडते गा या मेट्रोवाल्यायले?"

"बाकीचं सरकार भरते," मी म्हटलं.

"अस्सं," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत बसली. ते 'अस्सं' मला बरेच दिवस पुरलं. सही मात्र त्याच दिवशी केली.

माझ्या उशिरामुळे बागेत नळ्या पडायला हिवाळा उजाडला आणि तपासणीची तारीख नेमकी ताणात आली. हिवाळ्यात महिना-दीड महिना संत्र्याचं पाणी पार तोडतात, त्याला ताण म्हणतात. पानं मलूल होतात, गळतात. मग पाणी दिलं की झाड फुलांनी फुटतं. मध्येच ओल लागली तर नुसती कोवळी पालवी येते, फूल नाही, आणि वर्षाचं फळ हातचं जातं. तपासणीला तर ठिबक चालू हवं, आणि टपकत्या पाण्याशेजारी दोन्ही खातेदारांचा फोटो. तारीख हुकली तर अनुदान जाणार, पाणी सोडलं तर बहार जाणार. हे सगळं माझ्या रविवारांनी केलं होतं.

आदल्या संध्याकाळी मी गावी पोचलो. झाडांखाली वाळल्या पानांचा सडा पडला होता. तरी अक्कल पाजळलीच. "तपासणीच्या साहेबांपुरतं सोड ना वं पाणी. पाच मिनिटांनी काय होते?"

"झाडाले घड्याळ नाई समजत," ती म्हणाली आणि चप्पल घालून देवळाकडे गेली.

आमच्या गावात पंगतीची भांडी देवळात असतात. लग्न असो, तेरवी असो, ज्याने नेली त्याने घासून परत ठेवायची. सकाळी डोळे चोळत बागेत गेलो तर गावातल्या दहा-बारा बाया ती भांडी घेऊन आधीच हजर. ताईने एकच व्हॉल्व्ह उघडा ठेवला होता, दोन ओळींपुरता. त्या दोन ओळींत प्रत्येक नळीच्या प्रत्येक छिद्राखाली काहीतरी ठेवलेलं. पातेली, बादल्या, आम्ही ज्यांना गंज म्हणतो ती वरणाची उभी पातेली, पाण्याचे जग, कोणाच्या तरी घरची परात. पंगत बसली होती, फक्त जेवणारी झाडं होती आणि त्यांना वाढायचं नव्हतं.

साहेबांची जीप आली, तशी ताईने मोटार सुरू केली. आधी नळ्या फुसफुसल्या. मग एक थेंब वाजला, मग दुसरा, मग दोन्ही ओळी वाजू लागल्या. पितळेचा आवाज वेगळा, स्टीलचा वेगळा. पाण्याचा एक थेंब जमिनीवर पडू नये म्हणून एवढं गाव वाकून उभं होतं, आणि मी आयुष्यभर दाढी करताना नळ सुरू ठेवत आलो. मला त्या बायांकडे मान वर करून बघवेना. इतका थक्क मी कधी झालो नाही, आणि इतका लाजलोही नाही.

साहेबांनी वाकून दोन-चार भांड्यांत डोकावून पाहिलं. मग म्हणाले, "भांडी ठेवू नये असं काही नियमात लिहिलेलं नाही." चालता चालता त्यांना एक जग भरत आलेला दिसला, तो त्यांनी स्वतःच उचलून बादलीत रिकामा केला.

फोटोसाठी आम्हाला बांधाकडच्या झाडापाशी उभं केलं. तिथलं छिद्र मोठं झालं होतं, थेंब कमी आणि धार जास्त, म्हणून खाली मोठा गंज होता. पाय ठेवायला जागा नव्हती, म्हणून मी तो पायाने सरकवला. कोणी पाहिलं नाही. फोटो झाला आणि गंज मी विसरलो. साहेबांची पाच मिनिटं पाऊण तासाची झाली. भांड्यांतलं पाणी बायांनी बैलांना पाजलं.

फोटो मंजूर झाला, अनुदान आलं. जानेवारीच्या शेवटी तिचा फोन आला, "ये पाहायले."

वास अर्ध्या मैलावरून आला. बागेत शिरलो. महिन्याभरापूर्वी मेल्यासारखी दिसलेली झाडं पांढरीशुभ्र झाली होती, मधमाश्यांनी अख्खी बाग घुमत होती. मी लहान पोरासारखा झाडाझाडाला हात लावत सुटलो. ती मागून हळूहळू येत होती. बांधाशी पोचल्यावर तिने मला थांबवलं.

तिथे एक झाड हिरवंगार उभं होतं. तजेलदार कोवळी पालवी, फूल एकही नाही.

मी खाली बघितलं. मातीत गंजाच्या बुडाचा गोल अजून उमटलेला होता, नळीपासून हातभर दूर.

ताई रागावली नाही. तिने एक कोवळं पान तोडून माझ्या हातावर ठेवलं.

"पाच मिनिटंच तं होते ना गा," ती म्हणाली.