शेवटचं प्रकरण शिवणाऱ्या काकू

काकूंच्या खांद्यावर, पदराच्या पिनेशेजारी, दोरा ओवलेली एक सुई कायम टोचलेली असायची. त्यांच्या जवळ बसायचं म्हणजे जपूनच. मी एकदा तसं म्हणाले तर म्हणाल्या, "टोचली तर टोचली. मरशील का काय?" औरंगपुऱ्यातल्या एका बोळात त्यांची रस्त्याकडची खोली होती. एका भिंतीला फॉल-पिकोला आलेल्या साड्यांच्या पिशव्या, बाकीच्या भिंतींना पुस्तकं. साडी टाकायला आलेली बाई पुस्तक घेऊन जायची, आणि पुस्तक बदलायला आलेल्या माणसावर काकू आतूनच ओरडायच्या, "चपला भाईर काढा, पैठणी पसरलीय खाली!"

ही त्यांची लायब्ररी. आणि तिथली रहस्यकथा घरी आणली की तिचं शेवटचं प्रकरण शिवलेलं असायचं. खरंच सांगते, पानांच्या कडेनं धावदोरा घातलेला. त्याला कारण एक पेन्शनर गृहस्थ. ते उभ्या उभ्या शेवटचं पान वाचायचे आणि बोळात जो भेटेल त्याला खुनी कोण ते सांगून टाकायचे. एकदा काकूंचा पारा चढला. त्यांनी त्याच दिवशी कपाटातल्या सगळ्या रहस्यकथा खाली काढल्या आणि साड्या बाजूला सारून शेवट शिवत बसल्या.

मग नियमच झाला. पुस्तक शिवणीपर्यंत वाचायचं, परत आणायचं, काकूंसमोर बसून मत द्यायचं. पुढं काय होईल, कोण खोटं बोलतंय, लेखकानं कुठं थाप मारलीय. नुसतं "छान आहे" चालायचं नाही. "छान तर माझा चहाबी हाय. मत सांग, मत!" मत पटलं की काकू दातानं दोरा तोडायच्या. शेवट तिथंच पायरीवर बसून वाचायचा आणि त्याबद्दल बाहेर अवाक्षर काढायचं नाही. आपण वाचत असताना काकू हातातला फॉल सोडून आपल्या तोंडाकडं बघत राहायच्या. त्यांना शेवट आधीच माहीत असायचा, त्यामुळं गालातल्या गालात हसू. मला त्या हसण्याचा असा राग यायचा म्हणून सांगू! आणि त्यासाठीच मी दर रविवारी जायचे.

माधुरी ही त्यांची एकुलती एक लेक, माझ्याच वयाची. काका ती लहान असतानाच गेले होते. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत माधुरीला दवाखान्यात ठेवलं आणि काकू डबा घेऊन फाटकाबाहेर उभ्या राहायच्या. आत कुणालाच सोडत नव्हते. एक दिवस डबा परत आला आणि मागून फोन आला. तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही, सगळं बांधून गुंडाळून नेलं. त्यानंतर खोली बरेच महिने बंद होती. उघडली तेव्हा काकू तशाच बसलेल्या, खांद्यावर सुई तशीच. ओरडणं तेवढं बंद झालं होतं. आम्ही मुद्दाम चपला घालून आत जायचो, निदान रागावतील म्हणून. त्या काही म्हणायच्या नाहीत.

अशात ते पुस्तक आलं. त्याचं नाव कुणी घेतच नसे, सगळे "मशीनवालं पुस्तक" म्हणत. एक शास्त्रज्ञ बाई जमिनीखालच्या प्रयोगशाळेत एक यंत्र बनवते. माणूस मरताना त्याच्यातून काही बाहेर पडत असेल, तर त्या यंत्राचा काटा हलणार. एका जुन्या लेण्यातल्या देवस्थानाची माणसं ते यंत्र फोडायला टपलेली. खून पडतात, पाठलाग होतात, आणि शेवटी त्या देवस्थानाचा म्हातारा पुजारीच म्हणतो, मी मरायला टेकलोय, मला झोपवा त्या यंत्रात. इथं शिवण.

कधी नव्हे ती एक गोष्ट झाली. हा शेवट काकूंनी न वाचता शिवला. मी विचारलं तर म्हणाल्या, "माझं मत तयार झालं नाय अजून. आधी तुमची ऐकू दे."

मतं काय, भांडणंच ती! कांबळे सर आमच्यातले सगळ्यात पक्के वाचक. फिजिक्स शिकवून रिटायर झालेले आणि दर पौर्णिमेला न चुकता विहारात जाणारे. ते म्हणाले, "आत्मा नाही हे बुद्धानं केव्हाच सांगून ठेवलंय. जे नाहीच ते मोजायला मशीन कशाला? काटा हलणार नाही. हलला तर वायरिंगचा दोष." पवारमावशी दर सोमवारी वेरूळला घृष्णेश्वराला जाऊन येणाऱ्या. त्या भडकल्या. "अवो सर, देव काय किलोवर मोजतेत व्हय? काटा हलणारच, आन मशीनबी फुटणार, बघा तुम्ही!" घड्याळं दुरुस्त करणारे सलीमभाई दोघांनाही हात जोडायचे. "रूह को कांटे की क्या जरूरत? मेरे पास रोज आते ना लोगां, कांटा बंद पड गया बोलके. इस वास्ते टाइम थोडी रुकता?" आम्ही हसायचो. काकू हसायच्या नाहीत. त्या सरांना परत परत विचारायच्या, "पण सर, जरासाबी नाय हलणार?" सरांसारखा कडक माणूस, पण तेसुद्धा मग चष्मा पुसत बसायचे.

दोरा आधी सरांचा तुटला. ते पायरीवर बसून वाचत होते आणि काकू त्यांच्या तोंडाकडं बघत होत्या. ह्या खेपेला त्यांना काही माहीत नव्हतं, आणि म्हणून ते बघणं मला बघवेना. सरांनी पुस्तक मिटलं, उलटं करून काकूंच्या हातात दिलं आणि म्हणाले, "नियम तुमचाच आहे काकू. सांगता येत नाही." बोळाच्या तोंडाशी मला गाठून मात्र त्यांचा आवाज चढला. "त्या लेखकानं आग लावून दिलीय हो! पुजाऱ्याचा श्वास थांबायला आणि प्रयोगशाळेला आग लागायला एकच गाठ. सगळे दाराकडं पळतात. काटा हलला का नाही, कुणी बघितलंच नाही. संपली कादंबरी! आणि ही बाई उत्तराची वाट बघतेय."

मग आम्ही सगळ्यांनीच वाचलं. सलीमभाईंनी तर बोळात कपाळावर हात मारून घेतला, "ये क्या बात हुई?" पण काकूंसमोर कुणी हूं की चूं केलं नाही. एरवी एकमेकांचं एक वाक्य ऐकून न घेणारी ही माणसं, त्यांच्यापुढं मात्र एकजात गप्प. काकू मान दुसरीकडं वळवून, नुसत्या बोटांनी चाचपत, ते प्रकरण पुन्हा शिवून टाकायच्या.

त्याच हिवाळ्यात काकूंच्या पोटात दुखायला लागलं. तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, आता फार दिवस नाहीत. मलाच, कारण घरचं दुसरं कुणी नव्हतंच. त्यांना ॲडमिट केलं. नर्सनं खांद्यावरची सुई काढायला लावली तर ती त्यांनी उशीला टोचून ठेवली. एका दुपारी मला म्हणाल्या, "ते मशीनवालं आण गं."

मी आणलं. दोरा तोडणार तोच मला काय सुचलं कोण जाणे, मी म्हणाले, "काकू, आधी मत."

त्या हसल्या. किती दिवसांनी! मग छताकडं बघत सावकाश बोलल्या, "काटा हलतो. लई नाय, जरासाच. पण त्या टायमाला कुणाचं तरी ध्यान पाहिजे त्याच्याकडं. माझ्या माधुरीच्या टायमाला कुणाचं ध्यान होतं का, मला काय माहीत? पोरीचा शेवट मला कुणी दाखवलाच नाय गं. मी असते तर बघितलं असतं."

मला रडू आवरेना. तशीच मोठ्यानं वाचत गेले. आग लागते, सगळे पळतात, काटा कुणी बघत नाही. एक शब्द बदलला नाही. वाचून झाल्यावर काकू उशीच्या सुईवरून नुसतं बोट फिरवत राहिल्या. मला वाटलं, संपलं, मोडली ही बाई.

"म्हंजे लिहिणाऱ्यालाबी माहीत नाय व्हय?" त्या म्हणाल्या. "मला वाटलं, सगळ्या जगाला माहीत हाय, मी एकटीच राहिले." मग उशीची सुई काढून माझ्यापुढं धरली. "ओवून दे. दुसऱ्यानं वाचायचं आसंल कुणी." पुस्तक त्यांनी मांडीवर घेऊन शिवलं. फॉलचा एक टाका कधी इकडचा तिकडं न झालेला तो हात, पण त्या दिवशी सगळे टाके वाकडे आले. शिवून झाल्यावर माझं मनगट धरलं. "माझ्या टायमाला तू पळू नको. ध्यान ठेव. हलला तर सरांना सांग, लई वाद घालतेत."

मी पळाले नाही. त्यांचा हात हातात घेऊन बसले होते. श्वास अडकायला लागला, नर्स धावत आली, मला बाजूला व्हा म्हणाली, तरी मी मान वळवली नाही. डोळे भरून आले तर पुसलेसुद्धा नाहीत, तेवढ्यात काही निसटेल म्हणून. शेवटी शेवटी काकूंची दोन बोटं जवळ आली आणि जराशी वर गेली. दोरा ओढताना जायची तशी. मग खाली आली.

बाहेर बाकावर कांबळे सर, पवारमावशी आणि सलीमभाई बसले होते. माझ्याकडं बघून मावशींनी पदर तोंडाला लावला. सर उठून माझ्याजवळ आले. आणि ज्या माणसाला आयुष्यभर उत्तर माहीत होतं त्या माणसानं मला विचारलं, "हलला?"

"हलला, सर. मी बघत होते."

सर "बरं" म्हणाले. वायरिंगचं काही बोलले नाहीत. भिंतीकडं तोंड करून लहान मुलासारखे रडायला लागले.