दुपारी ओढणारा पाय

सोजराबाईचं दुखणं मोठं खोडसाळ. उंद्रीच्या मळ्यात वैशाखाच्या उन्हात मिरचीला पाणी देताना तिचा उजवा पाय ओढायला लागायचा; चप्पल कधी निसटली तेही कळायचं नाही. आणि बुलडाण्याच्या डॉक्टरापुढे सकाळच्या गार हवेत उभं केलं, की हाच पाय शहाण्यासारखा चालायचा. आदल्या वर्षी डावा डोळा महिनाभर धुरकटला होता. तोही डॉक्टरची गाठ पडायच्या आत आपोआप निवळला. दोन खेपा झाल्या. दोन्ही वेळा टाचण्या टोचल्या, गुडघ्यावर हातोडी वाजवली आणि 'काही नाही' म्हणत ताकदीच्या गोळ्या देऊन तिला वाटेला लावलं.

सासू जनकाबाईला आयतंच सापडलं. "कामाच्या टायमालेच कसा ओढते वं तुहा पाय?" नवरा मोतीराम वाईट नव्हता, पण हलक्या कानाचा. सदुसष्ट सालच्या उन्हाळ्यात, तिसऱ्या खेपेला एसटीत बसताना तो म्हणाला, "आता बी काई निंघालं नाई, तं तुले मोताळ्याले, तुह्या बापाघरी सोडतो."

आणि डॉक्टर पुन्हा तेच म्हणाले, "काही नाही बाई. मनाला लावून घेऊ नका."

सोजराबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "काई नाई? मंग थांबा, ऊन चढू द्या."

भर दुपारी पदर खोचून ती दवाखान्याच्या अंगणात फेऱ्या घालू लागली. बाकड्यावरचे पेशंट हसले. मोतीराम लाजून फाटकाबाहेर जाऊन उभा राहिला. दहा फेऱ्या झाल्या, वीस झाल्या, पाय आपला ठणठणीत! इतके दिवस त्या पायाला बरं कर म्हणून देवाला विनवणारी बाई आता त्याच्यावरच चिडली होती. मग हळूहळू पाऊल घासायला लागलं. चप्पल मागे राहिली आणि ती डॉक्टरांच्या पायरीपाशीच कोसळली.

डॉक्टर धावत आले. त्यांनी तिच्या तळव्यावरून किल्ली ओढली, तसा अंगठा खाली वळायच्या ऐवजी वर उठला. त्यांचा चेहरा उतरला.

"मज्जातंतूंचं काहीतरी आहे. मल्टिपल स्क्लेरोसिस म्हणून एक आजार असतो, आपल्याकडं क्वचितच दिसतो. उन्हात तो बळावतो, कधी डोळ्यालाही धरतो आणि मधेच आपोआप निवळतो. तो असेल, नसेलही. पुन्हा काही झालं की या, तेव्हा ठरवू."

"अजून बी नक्की नाईच?" संतापानं तिला रडू फुटलं. "मंग त्याईले तरी सांगा, मी सोंग करत नाई म्हून. मले तं माईतच हाय!"

डॉक्टरांनी मोतीरामला बोलावून सगळं सांगितलं.

स्टँडवर उंद्रीची आणि मोताळ्याची अशा दोन गाड्या शेजारीशेजारी लागल्या होत्या. मोतीराम मध्येच थबकला. "डॉक्टरले बी नक्की माईत नाई म्हंते. मंग आता... कोनत्या गाडीत बसाचं?"

सोजराबाईनं त्याच्याकडे रोखून पाहिलं. "रोगाचं नक्की नसंल. माह्या घराचं तं नक्की हाय ना?"

आणि तो जड पाय दोन्ही हातांनी उचलून तिनं उंद्रीच्या गाडीच्या पायरीवर ठेवला.