फोनवर तो ‘कोणी नाई’ म्हणाला

कारंज्याकडच्या एका गोठेवाल्याने मला फसवलं. बैलाच्या सौद्यात नाही, तिथे मला फसवणारा अजून जन्मायचा आहे. त्याने फोनवर फसवलं, आणि माझा धाकटा भाऊ गेला.

मी गुरांचा व्यापारी. दुसऱ्यांची जनावरं हाकत सुरुवात केली, आज समुद्रपूरपर्यंत माझ्या शब्दावर जोड्या विकल्या जातात. भाव पाडायची माझी एक रीत होती. बैलाच्या कानामागचा गोचीड उपटायचा, मालकासमोर अंगठ्याच्या नखावर चिरडायचा आणि रक्त दाखवायचं. भावाला ती मीच शिकवली. त्या गोठ्यात त्याने सात-आठ चिरडले.

“पाहा काका, सारं रगत तर ह्यायनंच पेलं. आमी काय हाडं घेऊन जाऊ?”

गोठेवाला हसला. “तुह्या भावानं तुले चांगलंच तयार केलं गा.”

जोडी आम्ही आणली. चार दिवसांनी भावाला ताप भरला. अंग ठणकत होतं, डोळे लाल झाले होते. गावच्या डॉक्टरांनी डेंग्यू धरला. पुढे हिरड्यांतून रक्त यायला लागलं, तेव्हा वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी त्याचा अंगठा निरखला आणि जनावरांचं विचारलं. मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “गोचिडातून येणारा विषाणूचा एक ताप असतो. आपल्याकडे क्वचितच सापडतो. नमुना पुण्याला पाठवते. पण जिथून बैल आणले तिथे कोणी असं आजारी पडलं असेल, तर रिपोर्टची वाट न पाहता त्यावरच्या गोळ्या सुरू करते. जितक्या लवकर तितकं बरं.”

मी तिथूनच फोन लावला.

“मालक, तुमच्या घरी, गोठ्यात, कोणाले ताप होता काय?”

“कोणी नाई जी. काऊन?”

“भाऊ दवाखान्यात आहे. खरं सांगा. जोडी वापस नाई करत मी.”

“देवाची शपथ भाऊ, सारे खणखणीत आहेत.”

दात पाहून बैलाचं वय सांगणारा मी, त्या आवाजावर विश्वास ठेवला. बाईंना म्हणालो, कोणी नाही. डेंग्यूचेच उपचार चालू राहिले, सलाईन, प्लेटलेट्स. तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. भावाला वेगळ्या खोलीत हलवलं, नर्स डोक्यापासून पायापर्यंत झाकून आत जायला लागल्या. गोळ्या आता नाकातल्या नळीतून. काचेपलीकडून त्याने हात हलवला. नर्स बाहेर येऊन म्हणाली, “जोडीला पाणी पाजलं का, विचारतात.” दुसऱ्या दिवशी तो गेला.

आरोग्य खात्याची माणसं गोठ्यावर गेली तेव्हा कळलं. गोठेवाल्याचा गुराखी आम्ही जाण्याआधीच त्याच तापाने नागपूरला भरती होता. मालकानेच नेलं होतं. गोठ्यावर कोणी चौकशीला येऊ नये म्हणून दवाखान्यात पत्ता गुराख्याच्या मध्यप्रदेशातल्या गावाचा लिहवला. गुराख्याला वेळेवर औषध मिळालं, तो बरा होऊन घरी गेला.

डॉक्टरबाई म्हणतात, तुमचा भाऊ वाचलाच असता असं सांगता येत नाही. त्यांना येत नसेल. गोचीड चिरडायला मी शिकवलं, ते माझं मी भोगतो आहे. पण मी जोडी परत करणार नव्हतो, तरी तो खोटं बोलला.

मला त्याच्याकडून काही घ्यायचं नाही. त्याने माझ्या दारात यावं, माझ्या भावजयीसमोर उभं राहावं आणि सांगावं: मी फोन केला त्या वेळी त्याचा गुराखी कुठे होता?