पत्र्याच्या शेडमधला पंखा

जुन्या सिलिंग फॅनचं पातं जाड पत्र्याचं असतं. हातोडीच्या पहिल्या घावाला ते नुसतं खणकतं, दुसऱ्याला वाकतं. मग पंखा उलटा करून मधल्या मोटरवर घाव घालायचे. कवच फुटलं की आतली तांब्याची वेटोळी उघडी पडतात, ती छिन्नीनं तोडायची. त्यानंतर तो पंखा कुणाच्याही कामाचा राहत नाही.

हे आमच्या सरकारी कचेरीच्या मागच्या अंगणात चालायचं. मी भांडार शाखेचा प्रमुख. सगळे जुने पंखे काढून कमी विजेवर चालणारे बसवायचे, असं वरून ठरलं होतं. जुने पंखे आणखी कुठे लागले तर वीज वाचणार फक्त कागदावर, म्हणून ते साक्षीदारांसमोर निकामी करायचे. नियम बरोबर होता. आजही मला तो बरोबरच वाटतो.

मोडायचं काम वायरमनचं. मी नुसतं उभं राहायचं. पण दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडून हातोडी मागून घेतली. एरवी मी गप्प माणूस. वरिष्ठ बोलले की मान खाली, बायको बोलली की पेपर तोंडासमोर. त्या अंगणात मात्र बाह्या दुमडून मी पंखे फोडत होतो आणि मला मजा येत होती. एकेका घावाला एकेकाचा चेहरा समोर आणत होतो. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

"साहेब, पंख्यांनी काय तुमचं घोडं मारलंय?" वायरमननी विचारलं. वयानं माझ्याहून मोठे, निवृत्तीला आलेले. मग हळूच म्हणाले, "एक ठेवू का बाजूला? घरी नेत नाही, घाबरू नका. मावशींच्या शेडमध्ये लावतो."

पार्किंगच्या कडेला पत्र्याची शेड होती. त्यात झाडू-बादल्या असायच्या आणि सफाईच्या चार मावशी दुपारी तिथंच डबा खायच्या. मे महिना होता. त्यातल्या एकीला आदल्या आठवड्यात तिथंच भोवळ आली होती.

"शेड पंख्यांच्या यादीत नाही," मी म्हणालो.

"यादीत नाही, उन्हात आहे."

मी गप्प राहिलो. त्यांनी ती परवानगी धरली आणि खरं तर मलाही तेच सोयीचं होतं. पुढेमागे कुणी विचारलं तर मी हो म्हटलेलंच नव्हतं.

पंखा लागला. चारेक दिवसांनी निरोप आला, उद्या मोडलेल्या पंख्यांच्या पाहणीला वरून माणसं येणार. मी भर दुपारी वायरमनना घेऊन शेडवर गेलो.

"काढा तो."

"जेवतायत हो त्या. जेवण होऊ द्या."

"आत्ता म्हणजे आत्ता."

त्यांनी हातोडी माझ्या पायाशी ठेवली. "मग आपणच घ्या. हात चांगला बसलाय आपला."

बायका हसल्या. लोणी काळभोरहून बसनं येणाऱ्या मावशी सगळ्यात मोठ्यानं. "साहेब, भाकरी खाईस्तवर तरी फिरू द्या की त्याला!"

ते हसू माझ्या डोक्यात गेलं. मी बाकावर चढलो, "बटण बंद करा" म्हणून ओरडलो. कुणीतरी बंद केलं. पंखा थांबेपर्यंत मी थांबलो नाही. फिरत्या पात्यावर हातोडी घातली. खांद्यापर्यंत झिणझिण्या आल्या. दुसऱ्या घावाला पातं निखळलं, पत्र्यावर आदळलं आणि खाली भिरभिरत गेलं. लोणीच्या मावशींनी तोंडासमोर हात धरला. समोरच्या भाकरीवर रक्त सांडलं.

आणि मी तिसरा घाव घातला. रक्त दिसल्यावर घातला. हे लिहायला मला दोन उन्हाळे लागले.

वायरमननी कॉलर धरून मला खाली खेचलं आणि कानाखाली दिली.

मावशींच्या उजव्या हाताच्या दोन बोटांच्या शिरा तुटल्या. ती बोटं आता मिटत नाहीत. वरिष्ठांनी मला बोलावून विचारलं, "बेकायदा लावलेला पंखा पडला म्हणे?" मी होकारार्थी मान हलवली. एवढंच केलं. वायरमनची बदली कात्रजकडे झाली. ते खरं बोलले असते तर अधिकाऱ्यावर हात उचलल्याचंही निघालं असतं. ते मला ठाऊक होतं, त्यांनाही. मावशी ठेकेदाराकडच्या. त्यांना कुणी विचारलंच नाही.

आठवडाभरात मी शेडमध्ये नवा पंखा लावून दिला. भांडारात नव्या पंख्यांचे जास्तीचे खोके पहिल्या दिवसापासून पडून होते. शेड मला तेव्हा सुचली नव्हती, असं म्हणायला आवडलं असतं. सुचली होती. पत्र्याला नवाकोरा पंखा कशाला, असं वाटलं होतं.

परवा मी वरिष्ठांच्या केबिनमध्ये जाऊन सगळं सांगितलं. पुढे काय होईल ते होईल. तिथून तडक शेडवर गेलो. जेवणं चालली होती. मला बघताच एकीनं उठून पंखा बंद केला आणि सगळ्या त्याच्याखालून भिंतीकडे सरकल्या. लोणीच्या मावशी डाव्या हातानं भाकरी मोडत होत्या.

"मावशी, पंखा पडला नव्हता," मी म्हणालो. "मी फोडला. तुम्हाला लागल्यावरही घाव घातला. रागानं. साहेबांना सांगून आलोय."

त्या घास चावत राहिल्या. मग म्हणाल्या, "आमाला काय सांगताय? आमी हितंच हुतो की."

मला वाटलं होतं, त्या शिव्या देतील.

"झालं न्हवं बोलून? मग जाताना तेवढं बटण दाबा. लई उकडतंय."

मी बटण दाबलं.